बाहेर द्यायला चालेल

प्रभाकर खांबेटे यांच्याकडे तीन हजार सिनेमे आहेत, असं मानपाडा रोडच्या आमच्या बाजूला कुणालाही विचारलं तरी सांगेल. सांगेल, कारण खांबेट्यांनी त्याला ते सांगितलेलं असतं. दुधाच्या रांगेत, भाजीच्या गाडीशी, मयताला गेल्यावरसुद्धा. सोसायटीतले एक आजोबा वारले, तेव्हा शववाहिनीची वाट बघत सगळे खाली उभे होते. तेवढ्यात खांबेट्यांनी त्यांच्या जावयाला गाठलं. "यांना माझे सिनेमे फार आवडायचे. तीन हजार आहेत माझ्याकडे." जावई म्हणाला, "हो का." दुसरं काय म्हणणार तो?

तीन हजार नाहीत. दीड हजार आहेत, प्रत्येक दोनदा. मला हे माहीत आहे, कारण त्यांची यादी कॉम्प्युटरवर मी चढवली.

खांबेटे एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बोलण्यावरून मात्र ती कचेरी त्यांच्या मालकीची होती असं वाटतं. पांढरा लेंगा, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. एक लिहायला आणि एक कुणी मागितलं तर द्यायला. हे दुसरं पेन कधीच नीट उठत नाही. तेव्हा मला हा त्यांच्या कंजूषपणाचा किरकोळ नमुना वाटायचा. त्यांचं अख्खं आयुष्यच या दोन पेनांवर उभं आहे, हे पुढे कळलं.

सिनेमावर त्यांचं प्रेम आहे असंही म्हणता येत नाही. मी एकदा विचारलेलं, "काका, तुम्हाला सगळ्यात आवडलेला सिनेमा कोणता?"

"आठशे बारा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"क्रमांक. परदेशी छपाई आहे. आत पुस्तिका येते." त्या सिनेमात काय होतं ते मी विचारलं, तर म्हणाले, "कृष्णधवल आहे."

आम्ही त्यांच्या सोसायटीच्या मागच्या चाळीत राहायचो. माझे बाबा, मारुती घाडगे, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत हेल्पर होते. आमच्याकडे कुणाचा तरी जुना व्हीसीडी प्लेअर आला, तेव्हा मी तिसरीत होते. दर शनिवारी संध्याकाळी बाबा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खांबेट्यांकडे सिनेमा मागायला जायचे. मीही जायचे. आम्ही कधी आत गेलो नाही. सेफ्टी डोअर बंदच असायचं. आतून खांबेटे विचारायचे, "हात कोरडे आहेत ना, मारुती?" बाबा हात पुढे करून दाखवायचे, मग जाळीच्या फटीतून डिस्क बाहेर यायची.

चाळीतली दहाबारा माणसं आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची. सिनेमा छान चालायचा. आणि शेवट जवळ आला की अडकायचा. हिरोचा हात वर, तोंड अर्धं उघडं, त्याचे चौकोन चौकोन झालेले. बाबा डिस्क काढायचे, बनियनला पुसायचे, परत घालायचे. परत चौकोन. मग टीव्ही बंद करून बाबा उरलेला सिनेमा तोंडी सांगायचे. बाबांच्या गोष्टीत कुणी कुणाला मारायचं नाही. व्हिलनला कंपनी काढून टाकायची, आणि वर प्रॉव्हिडंट फंडही द्यायची नाही. चाळीतली माणसं टाळ्या वाजवायची. दहावी होईपर्यंत मी एकाही सिनेमाचा खरा शेवट बघितला नव्हता. मला वाटायचं प्लेअरच खराब आहे. बाबांना वाटायचं आपलेच हात कोरडे नसतील.

पुढे मी डिप्लोमा केला, मग इंजिनीअरिंग. आता ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका कंपनीत आहे. काम साधं आहे. एकच गिऱ्हाईक यादीत तीन वेळा येतं, एकदा नावानं, एकदा आडनावानं, एकदा चुकीच्या स्पेलिंगनं. त्या तिघांना ओळखायचं आणि एक करायचं. दिवसभर मी हेच करते.

हे खांबेट्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बाबांना खाली गाठलं. "तुझ्या मुलीला पाठव रविवारी. आमचा अनिमेष घोडबंदरला असतो, त्याला वेळ नाही."

अनिमेष त्यांचा मुलगा. तोही सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याला वेळ नसणं हे त्याच्या हुशारीचं लक्षण आहे, हे मला नंतर पटलं.

"मी नाही जाणार," मी बाबांना म्हटलं.

"तसं न्हाई बोलायचं. गुणी माणूस हाय. आपल्याला सिनेमे दिले त्यांनी."

"शेवट नसलेले."

"ते प्लेअरमुळं, पोरी."

गेले. पहिल्यांदाच सेफ्टी डोअर माझ्यासाठी उघडलं.

काम काय होतं ते सांगते. आमच्या भागातल्या वाचनालयानं एक खोली रिकामी केलेली. तिथं पडदा आणि प्रोजेक्टर लावून रविवारी ज्येष्ठ नागरिकांना जुने सिनेमे दाखवायचे होते, कुठल्याच ॲपवर मिळत नाहीत असे. खांबेटे आपला संग्रह देणार होते. बदल्यात दारावर पाटी लागणार होती, 'प्रभाकर खांबेटे चित्रपट दालन'. पाटी त्यांनी आधीच करून घेतलेली. पितळेची. टीपॉयवर मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली ती पाटी मी बसायच्या आधीच त्यांनी मला उघडून दाखवली.

"उद्घाटन ठरलंय. मंडळी येतील. अनिमेषही येईल," ते म्हणाले. मुलाचं नाव घेताना त्यांचा आवाज थोडा खाली आला. "त्याला वाटतं बापानं घर भंगारानं भरलं. दारावर नाव बघेल तेव्हा कळेल."

त्यांना हवं होतं ते एवढंच. त्या पाटीसाठी हा माणूस काहीही करेल, हे मला त्याच दिवशी दिसलं. काहीही म्हणजे, देणं सोडून.

वाचनालयाच्या ग्रंथपाल भावना मॅडमनी नीट कॅटलॉग मागितलेला. खांबेट्यांकडे एका क्लासच्या मुलानं कधीकाळी बनवून दिलेला प्रोग्राम होता. तो धड उघडत नव्हता. त्यातला माल मी सिनेमांचे संग्रह सांभाळायच्या एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला. पहिल्याच फटक्यात त्यानं विचारलं, ही नोंद आधीपासून आहे, एकत्र करायची का? मी 'हो' दाबलं.

"काय केलंस?" खांबेटे उभे राहिले.

"डुप्लिकेट होती, काका. एक केली."

"वेगळी कर! आधी वेगळी कर!"

"एकच सिनेमा आहे. एक नोंद ठेवू, खाली प्रती दोन असं लिहू."

"एका ओळीत दोन्ही? अगं, विटाळ होईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, सरोजकाकूंचा, आवाज आला. "बरोबर ऐकलंस गं तू."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर होतं, 'सो' किंवा 'ओ'. मला वाटलेलं कंपनीचं नाव असेल. 'सो' म्हणजे सोवळी प्रत. नवीन आणलेली, वेष्टण न काढलेली, आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात बंद. 'ओ' म्हणजे ओवळी. ती बाहेरच्या लोखंडी रॅकवर. लोकांना द्यायची ती ओवळी.

"आणि तुम्ही स्वतः बघता ती?" मी विचारलं.

"ओवळीच. सोवळी लावली की ती ओवळी झाली ना!"

"म्हणजे कपाटातली कुणीच बघितलेली नाही?"

"जपलेली आहे," ते अभिमानानं म्हणाले.

काकू हात पुसत दारात आल्या. "मला देवघराला हात लावायची परवानगी आहे, कृतिका. त्या कपाटाला नाही. ते आल्यापासून तिकडे फडकं मारलं नाही मी. दर दिवाळीला हेच अंघोळ करून उघडतात, मूठभर डांबरगोळ्या टाकतात, बंद करतात. पूजा झाली."

"सरोज, तुला यातलं कळत नाही."

"म्हणूनच सुखी आहे."

मी दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. तरी सॉफ्टवेअर दर सिनेमाला विचारायचं, एकत्र करायची का? दर वेळी खांबेटे खुर्चीत दचकायचे. शेवटी मी त्यात एक खूण बनवली, 'ही नोंद मुद्दाम दोनदा आहे'. ती लावली की ते गप्प बसायचं. दिवसभर मी जुळ्या नोंदी मारून पगार घेते, आणि रविवारी या माणसाच्या जुळ्यांना संरक्षण देत होते. त्यांना एकूण आकडा वर मोठ्या अक्षरात हवा होता. दोन्ही मिळून. तीन हजार.

मग शेरे. प्रत्येक ओवळी प्रत हातात घेऊन ते सांगत, मी टाइप करत असे. ओवळी आली कुठून, तेही तेव्हाच कळलं. एखादी डिस्क अडकायला लागली की खांबेटे नवी आणायचे. नवी कपाटात जायची, अडकणारी रॅकवर.

"लिही. आवाज मागेपुढे होतो. बाहेर द्यायला चालेल."

लिहिलं.

"मध्यंतरानंतर रेघा येतात. बाहेर द्यायला चालेल."

लिहिलं.

"हा पोलिसाचा. शेवटी अडकते. बाहेर द्यायला चालेल."

माझी बोटं थांबली. हा पोलिसाचा मला आठवत होता. वर गेलेला हात, अर्धं उघडं तोंड. त्या पोलिसाला बाबांनी मोठा साहेब करून नाशिकला पाठवलेलं.

"काका, शेवट अडकतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात. तपासल्याशिवाय एकही डिस्क मी बाहेर देत नसे."

"तपासून खराब असेल तीच द्यायचात?"

खांबेट्यांनी माझ्याकडे खरोखरच गोंधळून बघितलं. "अगं, मग चांगली देऊ की काय?"

त्या चेहऱ्यावर लाज नव्हती, लबाडीही नव्हती. लबाड माणसाशी निदान भांडता येतं. मी पुढची नोंद विचारली. मनात मात्र त्या दिवसापासून त्यांचं 'काका' गेलं. तोंडी राहिलं, सवयीनं.

भावना मॅडम संग्रह बघायला आल्या. पन्नाशीच्या, ओढणीला पिन, बोलणं तुटक. रॅकपाशी उभं राहून त्यांनी चारपाच डिस्क उजेडात तिरक्या धरल्या. खांबेटे शेजारी हात मागे बांधून उभे.

"या रेघा कसल्या?"

"वापरातल्या आहेत. लोकांनी वापरल्या."

"आणि आतल्या कपाटात काय आहे?"

"त्या संदर्भासाठी."

"कोण बघतं संदर्भ?"

स्वयंपाकघरात काकूंनी भांडं आपटलं, ते मला हसण्यासारखं ऐकू आलं.

"खांबेटे, स्पष्ट बोलते," मॅडम म्हणाल्या. "फाटकी पुस्तकं दान म्हणून आणून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आमच्याकडे पोतं आहे, दालन नाही. कपाटातल्या प्रती देणार असाल तर पाटी लागेल. आणि कॅटलॉग शेऱ्यांसकट द्या, पानापानावर सही करून. कमिटीला दाखवायचाय."

त्या गेल्यावर खांबेटे टीपॉयजवळ बसले. पाटीवरचं मखमल सरळ करत. मला क्षणभर कीव आली. मग ते म्हणाले, "मारुतीला पाठव पुढच्या रविवारी. खोकी उचलायला माणूस लागेल." कीव गेली.

बाबा आले. निवृत्त झालेत, कमरेला पट्टा असतो, तरी आले. धुतलेला शर्ट घालून. काकूंनी चहा केला. माझ्यासमोर फुलांचा कप आला. बाबांसाठीही त्यांनी कपच काढलेला, तर खांबेटे म्हणाले, "मारुतीला ग्लासात दे. त्याला कपाची सवय नाही."

"हो साहेब, ग्लासच बरा," बाबा म्हणाले.

काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि चहा ग्लासात ओतला. बाबा आणि खांबेटे एकाच वयाचे आहेत. बाबा त्यांना साहेब म्हणतात, ते बाबांना अरे मारुती. मी फुलांच्या कपातला चहा प्यायले.

खांबेटे अंघोळ करून आले होते. केस ओले, सदरा कोरा. जानव्याला बांधलेली किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं, आणि असा वास आला की बाबांनीही नाक दाबलं. त्यांनी आयुष्य रंगाच्या कंपनीत काढलंय.

वरच्या फळीवरची पहिली डिस्क खांबेट्यांनी ओढली. ती आली नाही. जोर लावला, तशी शेजारच्या सातआठ घेऊन बाहेर आली. सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. प्लॅस्टिकची कव्हरं मऊ पडून वाकडी झालेली, वितळून पुन्हा गोठल्यासारखी. एक कव्हर त्यांनी फोडलं. आतली डिस्क पांढुरकी होती, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू असतो तशी. मी ती रुमालानं पुसली. पांढरेपणा गेला नाही. प्लेअरला लावली. प्लेअरनं थोडा वेळ घरघर केली आणि डिस्क नाही असं सांगितलं.

दुसरी लावली. डिस्क नाही. मधल्या फळीवरची. खालच्या फळीवरची. परदेशी छपाईची, पुस्तिकावाली आठशे बारा. डिस्क नाही.

"प्लेअर बिघडला असेल," खांबेटे म्हणाले.

मी रॅकवरची पोलिसाची ओवळी डिस्क लावली. ती लागली.

"काका, डांबरगोळ्या," मी म्हटलं. "त्यांच्या वाफेनं असलं प्लॅस्टिक मऊ पडतं. बंद कपाट, इतकी वर्षं. कव्हरं तर गेलीच, डिस्कही गेल्या."

"कसर लागू नये म्हणून टाकत होतो मी."

"डिस्कला कसर लागते होय हो?" काकूंनी दारातून विचारलं. त्या हसत नव्हत्या, पण त्यांना फार प्रयत्न करावा लागत होता. "पैठणीत टाकतात तशा डिस्कमध्ये टाकल्या यांनी. आणि मला म्हणे कळत नाही."

खांबेटे खुर्चीत बसले. हातात आठशे बारा. रडतील असं वाटलं. बाबांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. मी कॉम्प्युटर बंद करणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"थांब. सो चं ओ कर. आणि ओ चं सो."

"काय?"

"अदलाबदल. खराब झाली की ती ओवळी, हा नियम आहे. कपाटातल्या खराब झाल्या. म्हणजे त्या ओवळ्या. रॅकवरच्या निदान लागतात, आता त्याच सोवळ्या. त्या घरात राहतील."

"आणि वाचनालयाला?"

"बाईंनी कपाटातल्या मागितल्या. कपाटातल्याच देतोय. यात खोटं काय आहे?"

"अहो, लागणार नाहीत त्या!" काकू आता खरंच चिडल्या. "म्हातारी माणसं येऊन बसतील तिथं."

"वाचनालयाचा प्लेअर जुना आहे, असं म्हणता येईल. लागल्या नाहीत हे कळायच्या आत उद्घाटन होऊन जाईल. पाटी एकदा लागली की कोण काढतं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बसून डिस्कचे गठ्ठे खोक्यात भरत होते. ऐकत होते की नाही, कळलं नाही.

अदलाबदल केली. सगळ्या 'सो' एकदम 'ओ' केल्या तर आधीच्या 'ओ' त्यांच्यात मिसळून जातात, म्हणून मध्ये एक तिसरं अक्षर घ्यावं लागतं. मी 'क्ष' घेतलं. दीड हजार सिनेमे तेवढ्यापुरते कुठल्याच जातीचे नव्हते. मग एक बटण दाबलं, आणि झाले पुन्हा.

"नव्या ओवळ्यांना शेरा काय लिहू?" मी विचारलं.

"नेहमीसारखा. काय दोष आहे तो, आणि पुढे नेहमीचं वाक्य."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. कॅटलॉग म्हणजे कॅटलॉग."

मी लिहिलं, 'लागत नाही. बाहेर द्यायला चालेल.' एकदाच लिहिलं, दीड हजार ठिकाणी उमटलं. वाचनालयात जायच्या तेवढ्या नोंदी छापून कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चांगल्या पेननं पानापानावर सही केली. पान उलटताना वाचतही होते. एके ठिकाणी वेलांटी चुकलेली, ती त्यांनी सुधारली. बाकी त्यांना वावगं काही दिसलं नाही. ते वाक्य ते आयुष्यभर लिहीत आलेले.

मी बोलले असते तर ते थांबले असते. नाही बोलले. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

टेम्पोनं खोकी वाचनालयात गेली. बाबा मागे खोक्यांबरोबर, खांबेटे पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पाटी. मी चालत पोचले. वाचनालयाच्या शिपायानं दारावर पाटी लावून बघितली, सरळ आहे का म्हणून. अनिमेषला पाठवायला खांबेट्यांनी फोटो काढून घेतला, पाटीखाली स्वतः उभे राहून. आत टेबलाशी भावना मॅडम आणि कमिटीचे दोघे म्हातारे सदस्य बसले होते. मॅडमनी कॅटलॉग उघडला आणि चष्मा वर केला.

"पहिला. 'लागत नाही. बाहेर द्यायला चालेल.'" त्यांनी पान उलटलं. "'लागत नाही. बाहेर द्यायला चालेल.' 'लागत नाही. बाहेर द्यायला...' खांबेटे, हे काय आहे?"

"शेरे," खांबेटे म्हणाले. "तुम्हीच मागितले होते."

"कुणाला द्यायला चालेल?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे आम्ही?"

खांबेट्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मला पोलिसाचा सिनेमा आठवला. कमिटीतले एक म्हातारे खोक्यातली चिकटलेली चळत हातात घेऊन वास घेत होते. ते म्हणाले, "अहो प्रभाकरराव, ही डिस्क आहे की कापूर?"

"पाटी उतरवा," मॅडम शिपायाला म्हणाल्या. "आणि खोकी परत न्या."

"बाई, उद्घाटनाला माझा मुलगा यायचाय..."

"त्यालाही एक द्या. बाहेर द्यायला चालतात ना?"

खांबेटे वळले. बाबा दाराशी उभे होते. मॅडमच्या हातातली पानं त्यांना दिसत होती. बाबांना वाचता सावकाश येतं, पण येतं.

"साहेब," बाबांनी विचारलं, "आमाला द्यायचा त्या बी तपासलेल्या असायच्या का?"

"अर्थात," खांबेटे सवयीनं म्हणाले. मग घाईनं, "ते राहू दे मारुती, चल, उचल खोकी."

बाबांनी कमरेवर हात ठेवला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "न्हाई जमायचं साहेब. शेवटी अडकतं."

आणि ते चालायला लागले. मी मागोमाग. कोपऱ्यावर गेल्यावर बाबा म्हणाले, "प्लेअर चांगला होता म्हणजे आपला. उगाच भंगारात दिला." संध्याकाळी मी पोलिसाचा सिनेमा जुन्या डिस्कच्या बाजारातून मागवून द्यायचं म्हटलं, तर नको म्हणाले. "नाशिकला सुखात हाय तो."

वाचनालयाची खोली आता सुरू झालीये. सिनेमे लोकांनी आपापल्या घरून आणून दिलेत. थोडेच आहेत, पण लागतात. दारावर पाटीची दोन भोकं आहेत, त्यांवर 'चपला बाहेर काढाव्यात' असा पुठ्ठा लटकतो.

अनिमेषनं फोटोला अंगठा पाठवला. उद्घाटनाचं काय झालं, ते त्यानं विचारलंही नाही. खांबेटे अजून दुधाच्या रांगेत तीन हजार सांगतात. मला त्यांनी परत बोलावलेलं. रॅकवरच्या डिस्क आता सोवळ्या झाल्यात, तर बाहेर द्यायला ओवळ्या नाहीत, नोंदी पुन्हा जोडीनं करून हव्या होत्या. मी म्हटलं, मला वेळ नाही. अनिमेषसारखंच.

पितळेची पाटी त्यांनी घरी नेऊन आतल्या खोलीत त्या लाकडी कपाटावर ठोकली. कपाट उघडंच असतं म्हणे, वास जावा म्हणून. पाटीचा एक खिळा जरा बाहेर राहिलाय. सरोजकाकू त्याला फडकं अडकवतात.